माझी नसलेली आठवण

देविदासभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला. सकाळी आठचा सुमार, मी चहा पिऊन दाढीला बसलो होतो. "काका, मी स्वाती. बाबा गेले... पहाटे, झोपेतच." अशा वेळी जे बोलायचं असतं ते मी बोललो. किती वाजता नेणार, कोण कोण पोचलं, आईला सांभाळ. आणि मग पाठीचं दुखणं सांगून यायला जमणार नाही म्हणालो. पाठ दुखत होती हे खरं, पण ती गेली सहा वर्षं दुखतेच आहे आणि ती घेऊन मी हवा तिथं जात आलो आहे. अमरावतीहून चांदूर बाजार ते काय लांब? तिथून पुढं चार किलोमीटरवर त्यांचं गाव. मला जायचंच नव्हतं. त्यांच्या घरच्यांसमोर उभं राहायची मला भीती वाटत होती.

तासाभरात आमच्या रेकॉर्ड मंडळाच्या मोबाइलवरच्या गटात श्रद्धांजलीची रांग लागली. अकोल्याच्या दंतवैद्यांनी लिहिलं, ‘सरांच्या आईच्या रेकॉर्डला ज्या हातानं सुई लावली तो हात आज शांत झाला.’ त्याखाली अकरा जणांनी हात जोडले. बारावे जोडलेले हात माझे होते. मी ते पाठवले, फोन पालथा ठेवला आणि उरलेली अर्धी दाढी केली. हे सर म्हणजे मी, पण त्या रेकॉर्डची आठवण माझ्या आईची नव्हती. ती देविदासभाऊंच्या आईची होती. मी ती घेतली, सगळ्यांसमोर माझी म्हणून सांगितली, छापून आणली, आणि नऊ वर्षं तिच्यावर मान मिळवला. देविदासभाऊंना हे सगळं माहीत होतं आणि ते एका शब्दानं कुणाला बोलले नाहीत.

आमचं मंडळ म्हणजे फार काही मोठं प्रकरण नाही. अमरावती आणि अकोला मिळून आम्ही पंधरा-सोळा जण, बहुतेक साठीच्या पुढचे, जुन्या रेकॉर्डींचे वेडे. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दहाला जमायचं, एकदा अमरावतीत, एकदा अकोल्यात. यजमानाकडं पोहे, चहा, आणि ज्याची पाळी असेल त्यानं आपली एक रेकॉर्ड आणायची. नियम दोनच. पहिला, ‘आठवण नाही तर सुई नाही’. म्हणजे रेकॉर्ड वाजण्याआधी तिच्याशी जोडलेली स्वतःची आठवण सांगायची. गायक कोण, साल कोणतं, तबल्यावर कोण, ही माहिती आठवण म्हणून चालणार नाही. दुसरा नियम, एकदा सांगून झालेली आठवण मंडळात पुन्हा कुणी सांगायची नाही. नाहीतर आपण म्हातारी माणसं तीच गोष्ट दर महिन्याला सांगत बसू, असं दंतवैद्यांचं म्हणणं होतं, आणि ते काही चुकीचं नव्हतं.

या पहिल्या नियमानं माझी पंचाईत केली. माझ्याकडं चारशे रेकॉर्ड. पण सगळ्या निवृत्तीनंतर जमवलेल्या, रद्दीवाल्यांकडून, घरं आवरणाऱ्यांकडून, म्हणजे सगळ्या दुसऱ्यांच्या घरातल्या. कव्हरांवर कुणाकुणाची नावं, कुणाच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. आमच्या स्वतःच्या घरी लहानपणी गाणं नव्हतंच. वडील शाळामास्तर, गाणं म्हणजे रिकामटेकड्यांचं काम हे त्यांचं मत, आणि रेडिओ फक्त बातम्यांपुरता उघडायचा. आईला गाणं आवडत होतं की नाही हे मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. मी कॉलेजात भूगोल शिकवायचो, माहिती द्यायला लागलो की कुणाला ऐकायचो नाही. माझी पाळी आली की मी माहितीच द्यायचो. दंतवैद्य हसून म्हणायचे, "सर, नकाशा झाला. आता गाव दाखवा." सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि घरी आल्यावर दोन दिवस माझं कशात मन लागायचं नाही.

देविदासभाऊंना मंडळात मीच आणलं, आणि त्याबद्दल अनेक वर्षं मी स्वतःची पाठ थोपटत होतो. ते भाजीवाले. गावाकडं दोन एकर बागायत, त्यात सांबार, मेथी, वांगी. (सांबार म्हणजे कोथिंबीर, वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांचा घोटाळा नको.) आठवड्यातून दोनदा ते अमरावतीच्या बाजारात यायचे. एकदा मी मेथी घेत होतो आणि काखेत नुकतीच घेतलेली एक रेकॉर्ड होती. त्यांनी मेथीकडं पाहिलंच नाही. म्हणाले, "सर, तिले उन्हात नोका नेऊ. वाकडी होते. पेपरात गुंडाळा अन् सावलीसावलीनं जा." मेथीची जुडी बांधायला ठेवलेला पेपर काढून त्यांनी स्वतःच ती गुंडाळून दिली. मग कळलं की तरुणपणी वीसेक वर्षं ते मामाचा भोंगा सांभाळायचे. म्हणजे लग्नाच्या मांडवात, बारशाला, सप्ताहाला लाऊडस्पीकर लावणं आणि दिवसभर रेकॉर्डी वाजवणं. त्या वीस वर्षांत त्यांना सुईचं जे ज्ञान झालं होतं ते आमच्यापैकी कुणालाच नव्हतं.

मंडळात सुई लावायचं काम त्यांच्याकडं गेलं ते कायमचं. रेकॉर्ड कुणाचीही असो, मशीन कुणाचंही असो, त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकदा अकोल्याच्या एका वकिलांनी उत्साहानं सुईचा दांडा उचलला तर देविदासभाऊंनी त्यांचं मनगट धरलं. "नवरदेव घोड्यावरून पडला तरी चालंल जी, सुई नाई पडली पायजे," हे त्यांचं वाक्य मंडळात म्हणीसारखं झालं होतं. एरवी ते फार बोलत नसत. स्वतःची पाळी आली की भोंग्याच्या गमती सांगायचे, त्याही तीन-चार वाक्यांत, आणि पटकन खाली वाकून सुई ठेवायचे. आमच्या मंडळात डॉक्टर, वकील, प्राध्यापक. जन्म सगळ्यांचा वऱ्हाडातला, पण चारचौघांत सगळे पुस्तकासारखं बोलणारे. देविदासभाऊ बोलायला लागले की कुणाच्या तरी ओठावर बारीक हसू यायचं. त्यात वाईट हेतू नसे, पण ते हसू त्यांना दिसायचं. मलाही दिसायचं. कधीकधी ते माझ्याच ओठावर असायचं.

एके दुपारी माझ्या रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा सैल झाला म्हणून मी त्यांना घरी बोलावलं. पट्टा बसवता बसवता त्यांची नजर टेबलावरच्या एका रेकॉर्डवर गेली. अभंगांची जुनी लाँगप्ले, मी महिनाभरापूर्वीच घेतलेली, अगदी कोरी. ते थांबले. हात पुसले. कव्हर उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हे माह्याजोळ हाय. पण माही अडकते." आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. सोळा-सतरा वर्षांचे असतील तेव्हाची. दुसऱ्या दिवशी कुठंतरी सप्ताह होता म्हणून संध्याकाळी अंगणात त्यांनी मशीन लावून पाहिलं. आई शेजारी सांबाराच्या जुड्या बांधत बसलेली, पुढ्यात सांबाराचा हा एवढा ढीग. दुसऱ्या अभंगात सुई अडकली आणि गायक तेच अडीच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लागला. देविदासभाऊ सुई पुढं ढकलायला उठले तर आई म्हणाली, "राहू दे रे. ढकलू नोको त्याले. पुढचं आठवून नाही राह्यलं बिचाऱ्याले. आठवंल त्याच्या मनानं."

आईनं आयुष्यात रेकॉर्ड कशी चालते ते पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, आत बसलेला माणूस पुढची ओळ विसरला आहे. आणि चारचौघांत माणूस विसरला तर त्याला घाई करू नये, एवढं तिला कळत होतं. देविदासभाऊ बसून राहिले. आई त्याच अडीच शब्दांवर एकेक जुडी बांधत राहिली. ढीग निम्मा झाला आणि सुई आपसूक पुढं सरकली. आई मान वर न करता म्हणाली, "पाह्य. आठवलं." एवढीच गोष्ट. त्या वर्षीच्या उन्हाळ्यातच ती गेली. सांगताना देविदासभाऊंचा आवाज कापत नव्हता, पण पट्टा बसवून झाला होता तरी ते स्क्रू पिळत होते. मी म्हणालो, ही मंडळात सांगा. ते म्हणाले, "सांगायची तर हाय जी. पण माह्या बोलीत सांगतली तर हसतीन लोक. बुढीले हसलेलं मले नाई पटत. तुमी लिवून द्यान का? शुद्ध भाषेत. मी वाचून दाखवीन."

मी आनंदानं हो म्हणालो. त्या रात्रीच लिहायला बसलो, आणि खरं सांगतो, इतकं मन लावून मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. चार पानं झाली. अंगणाचं मी ओसरी केलं, मामाच्या मशीनचं घरातलं मशीन केलं. आईच्या हातात सांबार बरा दिसेना म्हणून तिला कापसाच्या वाती वळायला बसवलं. ‘पुढचं आठवून नाही राह्यलं बिचाऱ्याले’ याचं ‘थांब, त्याला आठवू दे’ असं केलं. वाचून पाहिलं तर डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्या ओसरीवर वाती वळत बसलेली बाई माझ्या आईसारखी दिसायला लागली. तिची ती निळ्या काठांची साडी, चष्म्याची तुटलेली दांडी. सगळं शुद्ध करता करता त्यात देविदासभाऊंचं काही उरलंच नव्हतं. हे मी आज म्हणतो. तेव्हा मला फक्त एवढं कळत होतं की हे चांगलं लिहिलं गेलं आहे आणि ते मी लिहिलं आहे.

पुढची बैठक अकोल्यात, दंतवैद्यांच्या घरी होती. पाळी माझी होती. बडनेऱ्याहून आम्ही दोघं बरोबरच गाडीत बसलो. माझ्या पिशवीत ती कोरी रेकॉर्ड होती आणि खिशात ती चार पानं. पानं मी त्यांना द्यायला घेतली होती, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत मी ती खिशातून काढली नाहीत, हेही तितकंच खरं आहे. त्यांनीही विचारलं नाही. नेमकी तीच रेकॉर्ड मात्र मी का घेतली होती, याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही. आहे, पण ते लिहवत नाही... पोहे झाले. दंतवैद्य म्हणाले, "हं, सर. आज गाव की नकाशा?" सगळे हसले. आणि मी म्हणालो, "आज माझी आई."

मी पान न काढता सगळं सांगितलं. मला ते पाठ झालं होतं. एका वयस्क बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी एकदाही देविदासभाऊंकडं पाहिलं नाही. ते नेहमीसारखे मशीनजवळ, माझ्या उजव्या हाताला, खाली सतरंजीवर बसलेले. मी शेवटी म्हणालो, "...आणि गायकाला आठवलं. हीच ती रेकॉर्ड." आणि रेकॉर्ड त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही तळहातांत कडेनं धरली, फुंकर मारली, सुई ठेवली. पहिला अभंग संपला. दुसरा सुरू झाला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझी रेकॉर्ड कोरी होती. ती अडकणार नव्हती. सगळे डोळे मिटून नेमकी ती जागा येण्याची वाट पाहत होते, आणि माझा गायक ती ओळ घडाघडा म्हणून पुढं निघून जाणार होता.

ती जागा आली. देविदासभाऊ पुढं वाकले, मंडळीकडं पाठ झाली, आणि त्यांनी उजव्या हाताची करंगळी सुईच्या दांड्याला लावली. ज्या दांड्याला कुणी शिवलं तर ते मनगट धरत, त्याला. करंगळीनं त्यांनी सुई बाहेरच्या अंगाला किंचित रेटली आणि गायक मागं आला. तेच अडीच शब्द. पुन्हा रेटली. पुन्हा तेच. फक्त मला दिसत होतं. किती वेळा ते मी मोजलं नाही, पण मला तो वेळ संपता संपेना. मग त्यांनी करंगळी काढून घेतली, गाणं पुढं गेलं, आणि खोलीत सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला. दंतवैद्यांनी उठून मला मिठी मारली. देविदासभाऊ फडक्यानं रेकॉर्डचं कव्हर पुसत होते. माझ्या कोऱ्या रेकॉर्डवर त्या जागी तेव्हापासून एक बारीक ओरखडा आहे.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनात माफीची वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य मला जरा जास्तच लहान करत होतं, म्हणून मोडत होतो. मूर्तिजापूर सुटल्यावर ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "सर, सांबाराच्या वाती कावून केल्या?" मी म्हणालो, "ऐकायला बरं वाटतं तसं." ते म्हणाले, "हो का." बस. या विषयावर आमच्यात झालेलं सगळं बोलणं एवढंच. चोरी केल्याचं त्यांनी विचारलं नाही. त्यात बदल का केला, एवढंच विचारलं. आणि मी त्यालाही मास्तरासारखं उत्तर दिलं. आज इतक्या वर्षांनी सुद्धा एकटा असलो की ते ‘बरं वाटतं तसं’ माझ्या कानात येतं आणि मी मोठ्यानं खोकतो, खोलीत कुणी नसलं तरी.

पुढं सगळं ओघानं झालं. दंतवैद्यांनी आग्रह केला म्हणून मी ती चार पानं एका पुरवणीला पाठवली, ती छापून आली, चार लोकांनी कात्रणं ठेवली, दोन शाळांनी मातृदिनाला बोलावलं. माझ्या धाकट्या बहिणीचा यवतमाळहून फोन आला, "दादा, आपल्याकडं रेकॉर्ड प्लेअर कधी होता रे?" मी म्हणालो, "तू लहान होतीस तेव्हा." ती बिचारी गप्प बसली. म्हणजे मी एका आईची आठवण चोरली आणि दुसऱ्या आईवर खोटी लादली. माझी आई खरी कशी होती, संध्याकाळी ती काय करत असे, हे आता आठवू म्हटलं तर मला तिच्या हातात वातीच दिसतात. पापाचं फळ मिळायला मला दूर कुठं जावं लागलं नाही.

आणि देविदासभाऊ येत राहिले. सुई लावत राहिले. मंडळाच्या नियमानं ती आठवण आता सांगून झाली होती, ती पुन्हा कुणाला सांगता येणार नव्हती, आणि ती अडकणारी रेकॉर्ड त्यांनी कधी मंडळात आणली नाही. एकदा अमरावतीत त्या वयस्क बाईंनी सहज विचारलं, "देविदासभाऊ, तुमच्या आईची नाही का एखादी आठवण?" मी पोह्यांची बशी खाली ठेवली. देविदासभाऊ म्हणाले, "माही माय कामात राहे जी. तिले कुठचा टाइम." आणि माझ्याकडं न पाहता त्यांनी सुई उचलली. तेव्हा मी बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायला हवं होतं की थांबा, यांच्या आईची आठवण माझ्याकडं आहे. माझ्या तोंडात पोहे होते. ते मी चावत राहिलो. गेल्या वर्षी त्यांची छाती दुखायला लागली, त्यांचं येणं बंद झालं. दोनदा त्यांनी फोन करून घरी बोलावलं, वांग्याची भाजी करतो म्हणाले. दोन्ही वेळा मी पाठीचं कारण सांगितलं.

ते गेल्यावर पाच आठवड्यांनी मी त्यांच्या गावी गेलो. चांदूर बाजारला उतरून ऑटो केला आणि परतीसाठी तो थांबवून ठेवला. मला वाटलं होतं, पंधरा मिनिटं बसू, वहिनींना दोन शब्द बोलू आणि सुटू. वहिनी ओट्यावर मेथी निवडत होत्या. स्वाती बाजारातल्या एका दवाखान्यात काम करते, ती नुकतीच आली होती. चहा झाला. वहिनी म्हणाल्या, "तुमचं लय नाव घेत जी ते. सर असे, सर तसे." मी खाली पाहिलं. मग स्वाती आत गेली आणि एक चपटं पुडकं घेऊन आली, जुन्या साडीच्या तुकड्यात नीट बांधलेलं. म्हणाली, "काका, ही तुमची. बाबांनी सांगून ठेवलं होतं, ही सरांच्या आईची रेकॉर्ड आहे, मी नसलो तर परत द्या म्हणून." मी गाठ सोडली. तीच ती, अडकणारी. कव्हरचे कोपरे झिजलेले, एका बाजूला मामाच्या भोंग्याचा शिक्का. त्यांनी आपल्या घरात सुद्धा माझं खोटं सांभाळलं होतं.

मी ते पुडकं मांडीवर ठेवलं. उठलो, नमस्कार केला, फाटकापर्यंत आलो. ऑटोवाल्यानं गाडी सुरू केली. खोटं बोलणार नाही, मी एक पाय आत टाकला होता. मागून वहिनींचा आवाज आला, स्वातीला सांगत होत्या, "नीट धरा म्हना, आईची वस्तू हाय त्याइची." मला तो पाय आत ठेवता येईना. मी परत आलो, ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. पट्टा, चार पानं, अकोला, करंगळी, वाती. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर स्वतःची बाजू मांडायला लागलो असतो. स्वाती भिंतीला टेकून उभी होती. वहिनींच्या हातातली मेथी तशीच राहिली.

मग वहिनी म्हणाल्या, "म्हंजे बुढीची हाय ते?" मी मान हलवली. "मी सासू पाह्यलीच नाई," त्या म्हणाल्या. "माह्या लग्नाच्या लय आधी गेल्ती. फोटूबी नाई तिचा एक. मी इचारलं होतं त्याइले, कशी होती जी तुमची माय? तर म्हने, कामाची होती. अजून काय, म्हनलं. तर म्हने, बस." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या रडत नव्हत्या. "अन् तुमी तिले वाती वळाले बसवलं? जिनं जलमभर सांबार बांधला तिले?" मी म्हणालो, "चूक झाली वहिनी." त्या म्हणाल्या, "चूक कायची? चूक म्हंजे बोट कापते ते. तुमाले त नऊ वर्सं होते."

स्वाती हळूच म्हणाली, "आई, जाऊ दे ना." वहिनी म्हणाल्या, "कावून जाऊ दे? तुह्या आजीची एक गोष्ट हाय जगात, तेही जाऊ देऊ?" मग त्या माझ्याकडं वळल्या, "ते पेपरात आलं होतं ना जी? मंग हेबी पेपरातच आलं पायजे. बुढीच्या नावानं. अन् शुद्ध नोका करू." मी होय म्हणालो. खिशातून पेन काढलं आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मला नावच माहीत नाही. शाळांतून, सभांतून जिची गोष्ट सांगत फिरलो, तिचं नाव मी एकदाही विचारलं नव्हतं. मी विचारलं. वहिनींनी हातातली मेथी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "वेणू. वेणूबाई." मी लिहिलं. त्या म्हणाल्या, "मोठ्या अक्षरात लिवा."

मी मोठ्या अक्षरात लिहिलं, पेन बंद केलं. वहिनी म्हणाल्या, "थांबा. काय म्हने बुढी, ते सांगा बरं पुन्हा. आमाले ऐकू द्या." मी घसा साफ केला आणि म्हणालो, "थांब, त्याला आठवू..." "तसं नाई," वहिनी म्हणाल्या, "तिनं म्हनलं तसं." मी म्हणालो, "ढकलू नको त्याला. पुढचं आठवत नाहीये..." माझी जीभ वळेना. पस्तीस वर्षं शिकवलेली जीभ. स्वाती म्हणाली, "काका, ‘त्याले’. ‘आठवून नाही राह्यलं’." मी पुन्हा सुरुवात केली. ऑटोवाला फाटकापाशी येऊन ऐकत उभा होता. शाळेत उभं केलेल्या पोरासारखा मी त्या ओट्यावर एकेक शब्द म्हणालो, "राहू दे रे. ढकलू नोको त्याले. पुढचं आठवून नाही राह्यलं बिचाऱ्याले. आठवंल त्याच्या मनानं." वहिनींनी डोळे मिटले होते. ते उघडून त्यांनी ती रेकॉर्ड माझ्या मांडीवरून उचलली, स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "हां. आता लिवा."